गोगलगायीच्या पोटाला खरंच पाय असतो, पण सुगरण बाई नसते

सहकारनगरमधून एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या सातवीतल्या लेकीला शाळेत ‘उष्ण कटिबंधातल्या छोट्या जिवांच्या दहा आश्चर्यकारक गोष्टी’ सांगायच्या आहेत. फोनवर मिळालेली यादी त्यांनी मला पाठवली आहे. त्यातलं खरं किती, सगळं ॲमेझॉनचंच का, पुण्यात काही मिळणार नाही का, असे त्यांचे प्रश्न. शिवाय खिडकीच्या चौकटीत कुठल्याशा माशीने मातीचा गोळा केलाय, तो खरवडून टाकू का?

ताई, तो गोळा आत्ताच खरवडू नका. का ते शेवटी सांगते, कारण तुमच्या लेकीच्या दहा गोष्टींतली सगळ्यात चांगली गोष्ट त्या गोळ्यात आहे.

आधी यादी. ‘माणूस झोपेत वर्षाला आठ कोळी गिळतो’ ही शुद्ध थाप आहे. घोरणारं, गरम वाफा सोडणारं, हादरणारं तोंड म्हणजे कोळ्याच्या दृष्टीने धोक्याची जागा, तिथे तो कशाला शिरेल? ‘फुलपाखरू एकच दिवस जगतं’ हेही खोटं. बागेतली आपली नेहमीची फुलपाखरं काही आठवडे सहज जगतात, काही जातींची काही महिने. ‘पक्षी खाणारा गोलियथ कोळी’ अर्धं खरं आहे. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात हा कोळी राहतो आणि एका पायाच्या टोकापासून समोरच्या पायाच्या टोकापर्यंत तो जवळजवळ ३० सेंटिमीटर भरतो. पण त्याचं रोजचं जेवण गांडुळं, किडे, बेडूक असं साधं असतं. पक्षी खाणाऱ्या कोळ्यांची ख्याती पसरली ती मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीमुळे. ती सुरिनामला जाऊन किडे पाळून त्यांची चित्रं काढायची, आणि १७०५ साली छापलेल्या तिच्या एका चित्रात मोठा कोळी हमिंगबर्ड खाताना दिसतो. ‘बुलेट अँट’च्या डंखाची कळ दिवसभर राहते, हे मात्र खरं आहे. ब्राझीलमधल्या साटेरे-मावे लोकांत मुलगा मोठा झाला हे सिद्ध करायला त्या मुंग्या विणलेल्या हातमोज्यात त्याला हात घालावा लागतो.

हमिंगबर्डचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. ‘आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर हमिंगबर्ड आला’ असं मला पुण्यात दर वर्षी किमान दहा जण सांगतात. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. तुमच्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर. तो शक्यतो फांदीवर बसून मध पितो, आणि त्याचं हमिंगबर्डशी काही नातं नाही.

यादी संपली. आता माझं मत. मी एकतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आणि त्याहून जास्त वर्षं रविवारी सकाळी तळजाई नाहीतर वेताळ टेकडीवर माणसं फिरवली. त्यातून एक कळलं. ‘अमुक किडा स्वतःच्या वजनाच्या इतके पट ओझं उचलतो’ हे वाक्य ऐकून मुलं ‘हो का’ म्हणतात आणि विसरतात. पण आजीच्या तोंडची म्हण खरी का खोटी, असं विचारलं की ती खाली उकिडवी बसून बघायला लागतात. मराठीत या छोट्या जिवांवर म्हणी आणि नावं ढीगभर आहेत. ती करणाऱ्यांनी बहुतेक वेळा पाहिलं नीट होतं, फक्त अर्थ लावताना घसरले. लेकीला दहा गोष्टी तिथूनच काढू द्या.

पहिली सुगरण. नावावरून कुणालाही वाटेल की घरटं बाई विणते. विणतो नर. जून-जुलैत हडपसरच्या पुढे, उरुळीकडे विहिरीवर वाकलेल्या बाभळी आणि शिंदीची झाडं बघा. पिवळ्या डोक्याचे नर गवताच्या आणि पात्यांच्या लांब चिरफळ्या आणून विणत असतात. घरटं अर्धं झालं, उलट्या शिरस्त्राणासारखं दिसायला लागलं, की नर थांबतो. लोंबकळून, पंख फडफडवून आरडाओरडा करतो. मग माद्या येतात, आत शिरून बघतात, चोचीने ओढून बघतात. पसंत पडलं तर नर उरलेलं काम करतो: अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी. पसंत नाही पडलं तर ते अर्धवट घरटं तसंच वाऱ्यावर हलत राहतं. तुम्ही पाहिलेल्या घरट्यांपैकी कितीतरी अशी नाकारलेली असतात, ‘पक्ष्याने काम सोडून दिलं’ असा प्रकार नसतो. पसंती मिळाली की मादी आतून मऊ अस्तर घालते, अंडी घालते, पिल्लं वाढवते. आणि नर? शेजारच्या फांदीवर दुसरं घरटं, दुसऱ्या मादीसाठी. हा सगळा व्यवहार सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला बसून टिपला. सुगरणीच्या संसाराचा हिशेब तेव्हा पहिल्यांदा नीट मांडला गेला.

आता गंमत बघा. शिंपी पक्ष्याचं नाव पुरुषी, आणि शिवणकाम बहुतेक मादी करते. पुण्यात हा पक्षी सगळीकडे आहे, अगदी कुंडीतल्या मोठ्या पानाच्या झाडातही. पानाच्या कडेला चोचीने बारीक भोकं पाडायची, त्यातून कापूस नाहीतर कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओढायचा. गाठ मारत नाही. धाग्याचं टोक बाहेर येऊन विस्कटतं, फुगतं, आणि तेच अडकून राहतं. पान तोडलेलं नसल्यामुळे हिरवं राहतं आणि घरटं आजूबाजूच्या पानांत लपून जातं.

तिसरी चूक सगळ्यात लाडकी: कोकिळा गाते. वसंतात पहाटे साडेचारला तुमची झोप मोडतो तो कोकिळ, काळाकुट्ट, लाल डोळ्यांचा नर. कोकिळा तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली असते आणि तिच्या गळ्यातून ‘किक्-किक्-किक्’ असा कर्कश सूर निघतो. तर सुगरण बाप्या, शिंपी बाई, आणि गाणारी कोकिळा म्हणजे बुवा. एका पानावर तीन चुका. लेकीच्या वर्गात एवढ्यावरच पाच मिनिटं भांडण होईल. कोकिळेची अंडी कावळ्याच्या घरट्यात असतात हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कमी जणांना ठाऊक असतं. युरोपातल्या कोकिळेचं पिल्लू जन्मताच यजमानाची अंडी-पिल्लं पाठीवर घेऊन ढकलून देतं, आपल्या कोकिळेचं पिल्लू सहसा तसं करत नाही. एकाच घरट्यातून कावळ्याची आणि कोकिळेची पिल्लं दोन्ही मोठी होऊन निघतात. चातकाचाही धंदा तोच. त्याची निळी अंडी सातभाईंच्या निळ्या अंड्यांत मिसळून जातात. तो फक्त पावसाचं पाणी पितो ही कविकल्पना आहे, पण तो पावसाच्या तोंडावर येतो हे पाहिलेलं अगदी बरोबर.

सुगरणीकडे परत येते, कारण तिच्या घरट्यातून एक फाटा फुटतो. नर घरट्याच्या आत ओल्या मातीचे ठिपके चिकटवतो. का, यावर अभ्यासकांत बरेच तर्क आहेत. गावाकडे मात्र एक उत्तर पक्कं असतं: त्या मातीत तो काजवे खोचतो, पिल्लांना दिव्यासाठी. कल्पना इतकी गोड आहे की खोडून काढताना वाईट वाटतं. माती असते. दिवा नसतो.

खऱ्या काजव्याची गोष्ट या दिव्यापेक्षा सरस आहे. मे अखेरीस राजमाचीला, भंडारदऱ्याला जाऊन तुम्ही ते पाहिले असतील. ‘काजव्याचा प्रकाश शंभर टक्के कार्यक्षम’ असं सगळीकडे छापलेलं असतं. पूर्वी हा आकडा ८८ टक्के मानत. २००८ साली जपानी संशोधकांनी पुन्हा काळजीपूर्वक मोजलं तेव्हा तो सुमारे ४१ निघाला, म्हणजे प्रकाशाच्या क्रियेत भाग घेणाऱ्या दर शंभर रेणूंमागे सुमारे ४१ प्रकाशकण. तरीही घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बने मान खाली घालावी असाच तो दिवा आहे, कारण त्यातून उष्णता जवळजवळ निघतच नाही. आणि प्रकाशाच्या आधीचं आयुष्य? काजव्याची अळी शिकारी असते. ओल्या पाचोळ्यात राहून ती गोगलगायी पकडते, चावून विष टोचते, बधिर करते, पातळ करून खाते. आपण ज्याला रोमँटिक म्हणतो तो दिवा गोगलगायींवर पोसलेला असतो.

‘गोगलगाय नि पोटात पाय’. वरून गरीब दिसणाऱ्या पण आतून कावेबाज माणसाला आपण असं म्हणतो. म्हणीचा टोमणा बाजूला ठेवा, शरीररचना शंभर नंबरी आहे. गोगलगायीला वेगळा पाय नसतोच, पोटाखालचा सगळा मांसल तळवा हाच पाय. शास्त्रज्ञांनी या गटाला ग्रीक भाषेतून जे नाव दिलं, त्याचाही अर्थ ‘पोटपाया’. काचेवर गोगलगाय चालवून खालून बघायला सांगा लेकीला. तळव्यावरून स्नायूंच्या लाटा एकामागून एक सरकताना दिसतात. तोंडात जिभेसारखी पट्टी असते, तिच्यावर हजारो सूक्ष्म दात. कानशीने घासावं तसं ती पान घासते. फक्त हात धुवायला सांगा नंतर, विशेषतः शंख मोठा आणि तपकिरी असेल तर. ती आफ्रिकेतली राक्षसी गोगलगाय. १८४७ साली बेन्सन नावाच्या इंग्रजाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली, आणि तिथून ती देशभर पसरली. हिच्यातली प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते, त्यामुळे वाढ भराभर होते. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे गोगलगायींनी सोयाबीनची रोपं रातोरात फस्त केली आणि शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. तिथे कुणी तिला गरीब म्हणत नाही.

सरड्यावर जरा थांबते. माझा जीव त्याच्यात आहे, हे माझे विद्यार्थी सांगतील.

‘सरड्यासारखा रंग बदलतो’ म्हणजे संधी बघून पक्ष बदलतो, लपतो, असा आपला अर्थ. तुमच्या सोसायटीच्या भिंतीवरचा सरडा बघा. एप्रिल-मे-जूनमध्ये नराचं डोकं आणि खांदे लालभडक होतात, आणि तो सगळ्यात उंच दगड नाहीतर कुंपणाचा खांब निवडून त्यावर जोर काढतो, डोकं वरखाली करतो. हा रंग लपायला नाही, दिसायला आहे: दुसऱ्या नराला ‘ही जागा माझी’, मादीला ‘इकडे बघ’. मादी निघून गेली, किंवा लढाईत हरला, की रंग उतरतो. आणि ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण मात्र अगदी नेमकी आहे. नर आपला तुकडा धरून बसतो, त्याच्या हद्दीबाहेर सहसा जात नाही. कुणा म्हाताऱ्याने ओट्यावर बसून आठवडेच्या आठवडे हे पाहिलं असणार.

याच्या एका नातेवाइकाला शास्त्राने आपला मराठी शब्दच देऊन टाकला. सातारा-कोल्हापूरच्या पठारांवर गळ्याखाली पंखा असलेले सरडे असतात. नर तो पंखा उघडतो तेव्हा निळा, काळा, नारिंगी असा झगमगाट होतो. दगडावर बसलेला मातकट प्राणी एका क्षणात झेंडा फडकवतो. २०१६ साली सरड्यांचे अभ्यासक व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी त्यांचा वेगळा वंश ठरवला आणि त्याचं नाव ठेवलं ‘सरडा’. जगभरच्या शास्त्रीय यादीत आता हा शब्द आहे. त्यातली एक जात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर राहते, तीच चाळकेवाडी, जिथे पवनचक्क्या आहेत.

त्या पवनचक्क्यांमुळे एक विलक्षण गोष्ट उघड झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी पठाराच्या दोन भागांची तुलना केली, पवनचक्क्या असलेला आणि नसलेला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी होते. घारी-ससाणे कमी, म्हणून सरडे जास्त. भीती कमी, म्हणून त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी, आणि माणूस अगदी जवळ जाईपर्यंत ते हलत नव्हते. पण गर्दीमुळे खाणं वाटून घ्यावं लागलं, आणि नरांच्या गळ्यातला रंग फिका पडला. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. वर फिरणारं पातं आणि खाली सरड्याच्या गळ्यातली निळाई यांचा संबंध असेल, हे मी चाळकेवाडीला कितीदा गेले तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

‘मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आलं’. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी ट्यूबलाइटखाली जे पंखवाले कीटक थव्याने येतात आणि सकाळी झाडूभर पंख सोडून जातात, ते बहुधा मुंग्या नसतात, वाळवी असते. वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात तेही चूक, नात्याने ती झुरळाला जवळची. ते पंख लग्नाचे असतात. बहुतेक जण पाली, बेडूक आणि कोतवाल पक्षी यांच्या पोटात जातात, म्हणून म्हण खोटी नाही. पण जी जोडी वाचते ती पंख गाळते, मादी पुढे आणि नर मागे अशी रांगेत चालत जाऊन जमिनीत शिरते आणि राजा-राणी बनते. मुंग्यांचा नर लग्नानंतर लवकरच मरतो. वाळवीचा राजा मात्र राणीजवळच राहतो, वर्षानुवर्षं.

वारूळही मुंग्यांचं नव्हे, याच वाळवीचं. आत शेती चालते. चावलेल्या लाकडाचे आणि पाचोळ्याचे स्पंजासारखे पोळे करून त्यावर बुरशी वाढवतात, कारण लाकडातला चिवट भाग पचवायचं काम बुरशी करते. मावळात पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी म्हणजे त्या शेतातून वर आलेलं पीक. ‘आयत्या बिळावर नागोबा’ याला तर मी पैकीच्या पैकी गुण देते. नाग बीळ खणत नाही, उंदराचं नाहीतर वाळवीचं आयतं घर वापरतो.

शेणकिड्यावर फार वेळ घालवत नाही, पण शिवी म्हणून तो वापरणाऱ्यांना हे ऐकवा. दक्षिण आफ्रिकेतला शेणकिडा रात्री शेणाचा गोळा सरळ रेषेत ढकलत नेतो, कारण वळला तर परत ढिगाऱ्यापाशी, म्हणजे चोरांपाशी, येईल. २०१३ साली मारी डाके आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चंद्र नसेल तेव्हा तो आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा ठरवतो. त्यांनी किड्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या घातल्या, तेव्हा ते भरकटले. मग जोहान्सबर्गच्या तारांगणात नेऊन, छतावर फक्त आकाशगंगा दाखवून खात्री केली. शेणातला किडा आकाशगंगा वापरतो. पुण्याच्या आकाशात मला ती गेली कित्येक वर्षं दिसलेली नाही.

कोळी या शब्दात तर उत्तरच दडलंय. जाळं टाकणारा माणूस कोळी आणि जाळं विणणारा किडाही कोळी. (आठ पाय, म्हणून शास्त्रात कीटक नाही, हे लेकीला वर्गात कुणीतरी टोकेलच.) गंमत म्हणजे घरात दिसणारे कितीतरी कोळी जाळं लावून बसतच नाहीत. भिंतीवरचा टपोऱ्या डोळ्यांचा उडी मारणारा कोळी मांजरासारखा दबकत जाऊन माशी पकडतो. पण उष्ण प्रदेशांत एक कोळी असा आहे की तो खरोखर खाडीवरच्या कोळ्यासारखा पाग टाकतो. पुढच्या पायांत छोटं चौकोनी जाळं ताणून धरून उलटा लटकतो आणि खालून किडा गेला की जाळं त्याच्यावर टाकतो. त्याचे दोन डोळे प्रचंड मोठे असतात, आणि प्रकाश टिपणारा डोळ्यातला पडदा तो दर रात्री नवा तयार करतो, पहाटे मोडून टाकतो.

घरच्या घरी करण्यासारखं निरीक्षण हवं असेल तर मेलेला कोळी शोधा. त्याचे सगळे पाय पोटाशी मुडपलेले असतात. कोळ्याला पायाच्या मुख्य सांध्यांत पाय दुमडायला स्नायू असतात, ताठ करायला नसतात. पाय पसरतो तो अंगातल्या द्रवाच्या दाबाने, जेसीबीचा हात हलतो तसा. जीव गेला, दाब गेला, पाय मिटले. उडी मारणारा कोळी उडी घेतो तीही याच दाबावर.

चतुराबद्दल एक परिच्छेद. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की मैदानांवर आणि टेकडीच्या माथ्यावर पिवळसर चतुरांचे थवे कमरेएवढ्या उंचीवर घिरट्या घालताना दिसतात. लहानपणी आम्ही त्यांच्या शेपटीला दोरा बांधायचो, आज लाज वाटते. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला प्रश्न पडला: या बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत, मग दर ऑक्टोबरात लाखो चतुर येतात कुठून? २००९ साली त्यांनी मांडलं की ते भारतातून येतात, उंचावरच्या वाऱ्यावर स्वार होऊन पुढे आफ्रिकेला जातात, तिथल्या पावसात वाढतात आणि पुढच्या पिढ्या मॉन्सूनबरोबर परततात. एकूण फेरा १४ ते १८ हजार किलोमीटरचा, चार पिढ्यांत मिळून. ज्या डबक्यावर आपण नाक मुरडतो त्यातली अळी सहाएक आठवड्यांत चतुर होऊन समुद्र ओलांडायला निघते. त्याच सुमारास सैबेरिया-मांचुरियाकडून निघालेले अमूर ससाणेही अरबी समुद्रावरून आफ्रिकेला जातात, आणि अँडरसन यांचा तर्क असा की समुद्रावर त्यांची शिदोरी म्हणजे हे चतुर. नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याला पक्षिनिरीक्षक ज्यांच्यासाठी पहाटे गर्दी करतात ते हेच ससाणे.

आता तुमचा मातीचा गोळा.

तो केलाय कुंभारीण माशीने. ही गांधीलमाशीच्या कुळातली, पण पोळं नाही, टोळी नाही, राणी नाही. एकटी बाई, एकटी कामं करते. पोटात पाणी भरून आणते, कोरड्या मातीवर ओतून चिखल करते, जबड्यात गोळी धरून आणते आणि पाहता पाहता अरुंद तोंडाचा माठ घडवते, काठाला सुबक ओठ सुद्धा. घर राखायला म्हणून ती तुमच्यावर धावून येणार नाही.

माझं आजोळ कोकणात. आजी कीर्तनाला जायची आणि तिथला दृष्टान्त घरी येऊन सांगायची: भृंगी, म्हणजे हीच माशी, अळीला पकडून मातीच्या घरात कोंडते, बाहेरून गुणगुणत राहते, आणि अळीला भृंगीचा इतका ध्यास लागतो की ती स्वतःच भृंगी होऊन बाहेर पडते. भक्ताचं देवाशी तसंच होतं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला ध्यास बघायचा होता. पडवीतल्या वाशावरचा माठ फोडला तर आत सात-आठ हिरव्या अळ्या, मेल्याही नव्हत्या आणि हलतही नव्हत्या, आणि त्यांच्यामध्ये एक पांढरी गुबगुबीत वेगळीच अळी त्यांना खात होती. आजीला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे माशी या हिरव्या अळीची होतच नाही.”

बरोबर ओळखलं तिने. माशी आधी रिकाम्या माठात छताला बारीक धाग्याने एक अंडं टांगते. मग शेतातल्या-बागेतल्या अळ्या शोधते, डंख मारून लुळ्या करते, एकेक करून आत भरते आणि तोंड लिंपते. अळ्या मेल्या असत्या तर सडल्या असत्या. लुळ्या आहेत म्हणून ताज्या राहतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू त्या खाऊन वाढतं, कोष करतं, माशी होतं, आतून भिंत पोखरून बाहेर येतं. गुणगुण असते ती चिखल थापताना पंख-स्नायूंच्या कंपनाची. दृष्टान्त करणाऱ्याने अळी आत जाताना पाहिली, गुणगुण ऐकली, माशी बाहेर येताना पाहिली. तिन्ही खरी. मधला माठ तेवढा फोडून पाहिला नाही. एक लांबट गोळा, आत खणांची रांग, असं तुमच्याकडे असेल तर ते काम वेगळ्या कुळातल्या एका माशीचं, हिच्या दूरच्या चुलतीचं, आणि ती अळ्यांऐवजी कोळी भरते.

तर खरवडू का, याचं उत्तर. गोळ्याला पेन्सिल जाईल एवढं गोल भोक दिसत असेल तर घर रिकामं झालंय, खुशाल खरवडा. नसेल तर आत कुणीतरी आहे. गरम दिवसांत महिन्याभरात, थंडीत बरंच उशिरा, ते बाहेर येईल. तोवर लेकीला एक पारदर्शक प्लास्टिकचा पेला द्या, तळाला सुईने दहा-बारा भोकं पाडा, आणि पेला गोळ्यावर पालथा घालून चौकटीला कागदी टेपने चिकटवा. वहीत तारीख लिहून रोज शाळेत जाताना एकदा बघू दे. बाहेर पिवळी-काळी, बारीक कमरेची माशी आली तर ती कुंभारीण. क्वचित तिच्याऐवजी हिरवी-निळी, रत्नासारखी चमकणारी माशी निघते. ती कोकिळेच्याच धंद्यातली: माठ बंद व्हायच्या आत, किंवा नंतर माती पोखरून, आपलं अंडं घालते, आणि आतलं सगळं तिच्या पिल्लाच्या पोटात जातं. यातली कोणती निघाली ते कळवा, मी वाट बघते. आणि हिरवी निघाली तर सोडून देण्याआधी एक फोटो नक्की काढा.